धाकटीचा फ्रॉक थोरलीला

घरातल्या कपड्यांचा प्रवास ठरलेला असतो. थोरलीला आखूड झालेला फ्रॉक धाकटीला जातो, धाकटीचा नणंदेच्या मुलीला, आणि मग कधीतरी त्याचं फडकं होतं. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी मात्र एका दिवाळीत हा प्रवास उलटा झाला. सहा वर्षांच्या धाकटीला घट्ट होऊ लागलेला फ्रॉक तिनं सहज म्हणून नऊ वर्षांच्या थोरलीच्या अंगात घालून पाहिला, तर तो तिला अगदी मापाचा बसला. पुढच्या बैठकीला हप्ता भरायला आली तेव्हा पासबुक पुढे करता करता ती म्हणाली, ‘‘ताई, माझी मोठी वाढतच नाहीये हो.’’

मग काय, आम्ही दहा-बाराजणी आणि दहा-बारा सल्ले! दूध पुरेसं देतेस का? जंत झाले असतील. तुम्ही दोघं तरी कुठे ताडमाड आहात? वयात आली की बघ, सरसर वाढेल. मीही त्यातलीच. इतकी वर्षं समाजकार्य करते म्हणवणारी मी, ‘होईल गं मोठी, काळजी करू नकोस’ म्हणून मोकळी झाले. त्या एका वाक्यानं त्या पोरीचे सहा महिने फुकट गेले, हे मला आजही सलतं.

सहा महिन्यांनी मी तिच्या घरी गेले होते, तेव्हा मुलीचं प्रगतिपुस्तक हातात आलं. आपल्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचा रकाना असतो बघा, जो आपण कधीच वाचत नाही. गुण पाहतो, शेरा पाहतो, सही करतो आणि देऊन टाकतो. त्या रकान्यात सलग दोन वर्षं ‘११०’ असं लिहिलेलं होतं. पोरीला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि शिवणकामाच्या टेपनं मोजलं, तर भरली १०२ सेंटिमीटर. म्हणजे रकाना अंदाजानंच भरलेला. त्या बाईंना तरी काय दोष द्यायचा, साठ मुलं आणि शंभर कामं. पण नऊ वर्षांच्या मुलीची उंची साधारण चार-पाच वर्षांच्या मुलीएवढी आहे, हे शाळेला, शेजाऱ्यांना, आम्हाला कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते फ्रॉकला.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं, थायरॉइड पाहिलं, रक्त पाहिलं. मग एक दिवस सकाळपासून बसवून थोड्या थोड्या वेळानं रक्त घेतलं. निष्कर्ष असा निघाला, की मुलगी हुशार, अंगानं प्रमाणबद्ध, बाकी सगळं ठणठणीत, पण तिच्या शरीरात वाढीचं हार्मोन जवळजवळ तयारच होत नाही. पुढे जनुकाची तपासणी झाली आणि त्या कागदावर एका जनुकाचं लांबलचक नाव आलं. डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं, आम्ही दोघींनी माना डोलावल्या आणि लोकलमध्ये बसल्यावर ती मला म्हणाली, ‘‘ताई, तुम्हाला कळलं का?’’ मला कळलं नव्हतं. मग मी वाचत बसले. जे समजलं ते साध्या भाषेत सांगते.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथून एक निरोप्या निघतो. हा निरोप्या म्हणजे मेंदूतल्या पेशींनी बनवलेलं एक हार्मोन, ४४ अमिनो आम्लांची छोटी साखळी. तो जातो जवळच्याच पिट्यूटरी ग्रंथीकडे. ही ग्रंथी वाटाण्याएवढी. तिच्यातल्या ठरावीक पेशींच्या पृष्ठभागावर या निरोप्यासाठी खास दारं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोप्या दाराशी आला की आतली पेशी वाढीचं हार्मोन बनवून रक्तात सोडते, आणि तेही जास्त करून रात्री, गाढ झोपेत. आपल्या आज्या म्हणायच्या ना, पोर झोपेत वाढतं! त्यात तथ्य होतं.

आता हे दार कसं बनवायचं याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, तो जनुक आपल्या सातव्या गुणसूत्रावर आहे. दार म्हणजे ४२३ अमिनो आम्लांची माळ. या मुलीच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे. पण बदल असा, की ७२व्या मण्याच्या जागी ‘इथे थांबा’ अशी सूचना तयार होते. माळ तिथेच तुटते. दार तयारच होत नाही. निरोप्या रोज येतो, ग्रंथी जागेवर आहे, पण निरोप आत पोचत नाही.

हा निरोप्या शास्त्रज्ञांना सापडला १९८२ मध्ये, अमेरिकेत, आणि तोही स्वादुपिंडाच्या गाठीत, ज्या गाठीमुळे रोग्याचं शरीर नको तितकं वाढत होतं. पुढे १९९३ मध्ये ‘लिटल’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या बुटक्या उंदरांमध्ये याच दाराचा दोष सापडला. माणसात तो पहिल्यांदा सापडला १९९६ मध्ये. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तो शोधला, पण ज्या मुलांमध्ये शोधला ती एका भारतीय मुस्लिम कुटुंबातली होती. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या खेड्यांमध्ये अठरा बुटक्या व्यक्ती आढळल्या. प्रौढ पुरुषांची सरासरी उंची साधारण १३० सेंटिमीटर. त्यांच्यातही तेच अक्षर, तोच ७२वा मणी. सिंध म्हटलं की आपल्याकडे लगेच उल्हासनगरकडे बोट जाईल, म्हणून इथेच सांगते, हा कुठल्या एका समाजाचा आजार नाही. श्रीलंकेतल्या एका तमिळ कुटुंबातही तोच दोष निघाला.

आणि आपल्या दारात? परळच्या वाडिया बालरुग्णालयाच्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी शास्त्रज्ञांच्या साथीनं पश्चिम भारतातली अशी मुलं तपासली, ज्यांच्या घरात एकाहून जास्त जणांमध्ये वाढीच्या हार्मोनची कमतरता होती. २००४ आणि २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या भागातल्या अशा कुटुंबांमध्ये मुख्य कारण हाच एका अक्षराचा बदल आहे, आणि तो बहुधा फार पूर्वीच्या कुणा एकाच पूर्वजाकडून वाहत आला असावा, असं त्यांनी मांडलं. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडली की परळ. इतक्या जवळ झालेलं हे काम आपल्या गावीही नसतं.

या मैत्रिणीच्या घरात सगळ्यात जास्त वेळ गेला तो औषधात नाही, दोष कुणाचा यात. तिच्या सासूबाईंचं पालुपद एकच, ‘‘आमच्या घरात कुणी बुटकं नाही. हे हिच्या आईकडून आलंय.’’ आता गंमत अशी, की या सासूबाई म्हणजे तिची सख्खी आत्या. मामाची मुलगी करायची म्हणून हौसेनं भाचीला सून करून आणलेली. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं, तेव्हा मीही तिथे होते. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत चांगली असेल तर काम चालतं, माणूस चारचौघांसारखा वाढतो, त्याला कळतही नाही. मूल वाढत नाही ते दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच. म्हणजे एक आईकडून आणि एक बापाकडून. आई-वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात असं मूल होण्याची शक्यता चारात एक. मुलगा असो की मुलगी. आणि नवरा-बायको नात्यातले असले की दोघांकडे एकाच आजा-आजीकडून तीच प्रत आलेली असण्याचा संभव वाढतो.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या बापाकडनं?’’

‘‘किंवा आईकडनं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आणि तुमच्यातूनही.’’

मी कितीतरी घरांत पाहिलंय, मूल उशिरा बोललं, रंगानं सावळं निघालं, चष्मा लागला, उंचीला कमी पडलं की पहिलं बोट सुनेकडे जातं. ‘तुझ्या माहेरचं’ हे दोन शब्द किती बायकांनी गिळलेत! इथे निदान विज्ञानानं लेखी दिलंय, की वाटा निम्मा-निम्मा आहे. आणि वाटा म्हणजे दोष नव्हे. कुणी जाणूनबुजून दिलेला नाही. मात्र नात्यात लग्न ठरवताना, घराण्यात अशी वाढ खुंटलेली माणसं असतील तर ती लपवू नका. लग्न मोडेल या भीतीनं लपवलेली गोष्ट पुढे लेकरांच्या वाट्याला येते. अशा घरात दुसरं मूल असेल तर त्याचीही उंची वेळेवर पाहायला हवी.

आता एक महत्त्वाचं. प्रत्येक लहानखुऱ्या मुलाला हा आजार असतो असं मुळीच नाही. बहुतेक मुलं आई-वडिलांवर गेलेली असतात, किंवा थोडी उशिरा वाढणारी. काहींच्या बाबतीत पोषण कमी, रक्त कमी, थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास, आतड्यांचा आजार. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम नावाचा गुणसूत्राचा दोष असू शकतो, तो तर बऱ्याचदा पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे नेल्यावरच कळतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून एकदा मोजलेली उंची पुरत नाही, वाढीचा वेग पाहावा लागतो. चार-पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. त्याहून सतत कमी वाढत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. आपल्या मुलांसाठीचे वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०१५ मध्ये नव्यानं काढले, आणि त्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. डॉक्टरांकडे गेलात की बेधडक विचारा, ‘तक्त्यावर माझं मूल कुठे बसतं?’

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘हमखास उंची वाढवा’ जाहिरातींना भुलू नका. या मैत्रिणीनंही आधी तीन डबे पावडर आणली होती, आणि दिराच्या सांगण्यावरून पोर दाराच्या चौकटीला बांधलेल्या दांड्याला रोज लोंबकळत होती. दार नसलेल्या घरात निरोप पोचवण्याचं सामर्थ्य कुठल्याच पावडरीत नाही.

उपाय आहे, आणि चांगला आहे. निरोप आत जात नाही ना, मग वाढीचं हार्मोनच बाहेरून द्यायचं. १९८५ पर्यंत ते मृत माणसांच्या पिट्यूटरीतून काढत असत. त्यातून मेंदूचा एक भयंकर आजार पसरल्याचं दिसलं आणि ते बंद झालं. आता ते प्रयोगशाळेत बनतं. रोज रात्री कातडीखाली एक बारीक सुई, तीही वर्षानुवर्षं. हाडांची वाढणारी टोकं एकदा जुळली की मग कितीही दिलं तरी उंची वाढत नाही, म्हणूनच त्या फुकट गेलेल्या सहा महिन्यांचं मला वाईट वाटतं. आणि खर्च! हिच्या घरी महिन्याच्या इंजेक्शनांचा आकडा घरभाड्यापेक्षा जास्त निघाला. सासरे म्हणाले, ‘‘मुलगीच आहे, बघू पुढे. उंच मुलगी तरी कुठे खपते.’’ पेन्सिल कानाला लावून बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला. मुलगा असता तर ‘बघू पुढे’ म्हटलं असतं का?

पैशांसाठी हात टेकण्याआधी एक माहिती घ्या. दुर्मीळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्यातल्या यादीत वाढीच्या हार्मोनची सिद्ध झालेली कमतरता आहे. त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत परळचं केईएम रुग्णालय आहे, आणि २०२२ मध्ये मदतीची कमाल मर्यादा पन्नास लाखांपर्यंत नेण्यात आली. कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात, पण बचत गटाच्या बायकांना खेट्यांची काय भीती! आम्ही आळीपाळीनं तिच्याबरोबर गेलो.

शाळांकडून मात्र माझी मागणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी व्हावी, असं त्यात आहे. मग त्याच दिवशी प्रत्येक वर्गात एक सरळ पट्टी भिंतीला लावून, बूट काढून, टाचा टेकवून उंची मोजायला आणि गेल्या वर्षीच्या आकड्यातून वजा करायला किती वेळ लागतो? खासगी शाळांनीही हे करावं. आणि पालकसभेत गुणांवर भांडणाऱ्या आपण आयांनी एकदा त्या रकान्यावरही भांडावं. शाळा करेल तेव्हा करेल, घरात दाराच्या चौकटीवर दर सहा महिन्यांनी पेन्सिलची रेघ आणि शेजारी तारीख, एवढं तर आजपासून होईल.

या दोषाची माणसं बुद्धीनं, आयुष्यानं कमी नसतात, हेही सांगायला हवं. ब्राझीलमध्ये इटाबायानिन्या नावाच्या गावात याच जनुकाच्या वेगळ्या दोषामुळे शंभराहून अधिक माणसं बुटकी असल्याचं आढळलं. शेती करतात, दुकानं चालवतात, संसार करतात. ज्यांचं वय निघून गेलं, ज्यांना औषध मिळालं नाही, त्यांना ‘टिंगू’ म्हणून हाका मारणारी आपली गल्ली सुधारली तर त्यांचं निम्मं दुखणं कमी होईल.

आमच्या मुलीचं पहिलं वर्ष गेल्या पाडव्याला संपलं. घरात फ्रीज नाही, औषध थंड ठेवावं लागतं, म्हणून पेन शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये असतं. रोज रात्री साडेनऊला आजी, म्हणजे त्याच सासूबाई, ते आणायला जातात. कुणाला जाऊ देत नाहीत. चौकटीवरची रेघही त्याच मारतात. वर्षात अकरा सेंटिमीटर. या दिवाळीला दोघींना वेगवेगळ्या मापाचे फ्रॉक शिवायला टाकलेत.