कोऱ्या रकान्यांची नोंदवही

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे पोलिसांनी अमली पदार्थांविरुद्ध केलेल्या कारवायांच्या बातम्या वाचकांच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, जप्त मुद्देमालाच्या यादीत गांजा आणि एमडी (मेफेड्रोन) यांच्या शेजारी कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या व झोपेच्या गोळ्यांची पाकिटे नमूद असतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक लक्ष द्यावयास हवे ते याच दोन जिनसांकडे. गांजा चोरवाटेने येतो; परंतु ही बाटली परवाना असलेल्या कारखान्यात भरली जाते, तिच्यावर किंमत आणि मुदत छापलेली असते, आणि शाळकरी मुलाच्या दप्तरात ती सापडली तरी आईला प्रथम वाटते ते एवढेच की, पोराला खोकला झाला असावा.

गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, मुंबई-पुण्याची तरुण पिढी पोखरण्यास प्रारंभ केला, लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेखणी उचलली आणि 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, तेव्हा समाजाची सहानुभूती जागी होण्यास विलंब लागला नाही. कारण शत्रू उघड होता. आजचा शत्रू सभ्य वेषात येतो. मुंब्रा-कळव्याकडे ज्यांना ‘बटन’ म्हणतात आणि मालेगावात ‘कुत्ता गोळी’, त्या गोळ्या म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशी, निद्रानाश व चिंताविकार यांवर डॉक्टर रोज लिहून देतात तीच औषधे होत. अलीकडे त्यांत व्यायामशाळांतून फिरणाऱ्या मेफेन्टर्मीनच्या इंजेक्शनांची भर पडली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असलेले हे औषध सोळा वर्षांची मुले दंड फुगविण्यासाठी टोचून घेतात!

खोकल्याच्या औषधाच्या त्या बाटलीचेच उदाहरण घ्या. कोडीन हा अफूचाच एक घटक. यकृतात त्याचा काही अंश मॉर्फीन होतो. नेहमीच्या प्रमाणानुसार 5 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिलिटरची बाटली एका बैठकीत रिचविणाऱ्या मुलाच्या पोटात 200 मिलिग्रॅम कोडीन जाते. प्रौढ माणसाला खोकल्यासाठी दिवसाकाठी 120 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. अमेरिकेने 2018 मध्ये अठरा वर्षांखालील सर्वांसाठी कोडीनयुक्त खोकल्याची औषधे वर्ज्य ठरविली. या औषधावर झोपेची गोळी किंवा बिअर घेतली की श्वसनच मंदावते. नुसत्या औषधाने तोंडाला वास येत नाही, डोळे जड दिसतात, बोलणे तुटक होते आणि गुण घसरतात; घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. गोळी एकाएकी बंद झाली तर झटके येण्यापर्यंत मजल जाते, हे मात्र रुग्णालयातच कळते.

मुले याकडे का वळतात, याचे उत्तर संगतीवर ढकलणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. आई-वडील सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघून रात्री परतणार, शाळा आणि क्लास यांच्यामध्ये चार-पाच तास घर रिकामे, दहावीचा धाक मानगुटीवर, आणि कपाटात आजीच्या झोपेच्या गोळ्या, ही डोंबिवलीतील कित्येक घरांची स्थिती आहे. त्याहून मोठा दोष आपल्या सवयीत आहे. संपलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप मुलाच्या हाती देऊन ‘काकांकडून अशीच एक घेऊन ये’ असे आपण सहज सांगतो. दुकानदार चिठ्ठी मागत नाही, आणि मागितलीच तर आपल्यालाच अपमान वाटतो. चिठ्ठीवाचून औषध मिळते, हा पहिला धडा मूल घरीच गिरविते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सुमारे 1.18 कोटी भारतीय वैद्यकीय सल्ल्यावाचून गुंगीची औषधे घेतात असा अंदाज दिलेला आहे; तो आकडा केवळ गुन्हेगारांच्या टोळ्यांतून भरलेला नाही.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या, औषध नियमांतील ‘एच-1’ परिशिष्टात कोडीन, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही सारी नावे आहेत. वेष्टनावर तांबडी चौकट आहे. आणि अशी प्रत्येक विक्री निराळ्या नोंदवहीत, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व नग या तपशिलांसह लिहून ती वही तीन वर्षे तपासणीसाठी ठेवण्याचा हुकूम आहे. परंतु वही उघडून पाहणारा नसेल तर तिचे रकाने कोरे राहतात किंवा महिन्याच्या अखेरीस एकाच शाईने भरले जातात. दर दोनशे विक्रेत्यांमागे एक औषध निरीक्षक असावा, ही माशेलकर समितीची 2003 मधील शिफारस. राज्यातील निरीक्षकांची रिक्त पदे पाहता ती अद्याप कागदावरच आहे. मार्च 2016 मध्ये केंद्राने कोडीनयुक्त मिश्रणासह 344 औषधांवर बंदी घातली, ती डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. अशा बंद्या येतील आणि जातील. दुकानाच्या फळीवर जे घडते, ते त्यांच्या भरवशावर सोडता येणार नाही.

पोलीस बाटलीसकट मुलाला पकडतात, तेव्हा त्याला आरोपी समजण्याचा मोह आवरला पाहिजे. तो रुग्ण आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 77 डॉक्टरांच्या आदेशावाचून मुलाला अमली किंवा मनःप्रभावी पदार्थ देणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. ते कलम फळीमागच्या माणसाला लावण्याची तजवीज झाली पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि भिवंडी येथील किती ‘एच-1’ नोंदवह्या तपासल्या, किती परवाने निलंबित केले, याचा तपशील दर तिमाहीस जाहीर करावा; महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र समुपदेशन सुरू करावे. आणि पालकांनी आज रात्री घरचे औषधांचे कपाट मोजून कुलूपबंद करावे, तसेच शंका आल्यास मुलाला मारझोड न करता 14446 या केंद्र सरकारच्या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर दूरध्वनी करावा.