जुनं ते सोनं : ट्रॅफल्गारची कट्यार?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत एक आखूड कट्यार सापडली. मूठ पांढरी, टोकाला सिंहाचे डोके. ही १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईतली, असे घरात सांगतात. पात्यावर मुकुट आणि ‘ई.आर.’ ही अक्षरे पुसट दिसतात. पॉलिश करून घ्यावी का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : पॉलिशचा विचार आधी सोडून द्या. कट्यारीचे वय सांगणारा पुरावा त्या पुसट नक्षीतच आहे. एकदा ती घासली गेली की परत येत नाही.

तुमच्याकडे आहे तो ब्रिटिश नौदलाचा ‘डर्क’. कोवळ्या वयात जहाजावर येणाऱ्या शिकाऊ अधिकाऱ्यांना लांब तलवार अडचणीची, म्हणून हे आखूड शस्त्र. ट्रॅफल्गारच्या काळात डर्कला ठरलेला नमुना नव्हता. कुणाचा सरळ, कुणाचा वाकडा. नियमाने एकच नमुना आला तो १८५६ मध्ये. पांढऱ्या मासळीच्या चामड्याची मूठ आणि सिंहमुख ही त्या नंतरच्या डर्कची ओळख.

आता अक्षरे पाहा. ‘व्ही.आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ‘जी.आर.’ म्हणजे जॉर्ज. ‘ई.आर.’ मात्र फसवे आहे. सातवा एडवर्ड (१९०१ ते १९१०) आणि दुसरी एलिझाबेथ (१९५२ ते २०२२) या दोघांचीही अक्षरे तीच. भिंगाखाली रोमन अंक शोधा : सात की दोन? अंक पुसला असेल तर मुकुट बघा. एडवर्डच्या मुकुटाच्या कमानी वर गोल फुगीर असतात. एलिझाबेथच्या मधोमध खाली दबलेल्या.

परजेजवळ दुकानाचे नाव असल्यास तेही वाचा. लंडनच्या गीव्ज कंपनीने हॉक्स १९७४ मध्ये घेतली. तेव्हा ‘गीव्ज अँड हॉक्स’ लिहिलेला डर्क कुणी ‘व्हिक्टोरियाच्या काळातला’ म्हणून विकू लागला, तर खिशात हात घालू नका.

थोडक्यात, तुमचा डर्क ट्रॅफल्गारचा नाही. एडवर्डचा निघाला तर मात्र शंभरी ओलांडलेला आहे. अशी पुरावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पाते नऊ इंचांहून लांब असेल तर परवान्याची चौकशी पोलीस ठाण्यात करा.

मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि म्यानाबाहेर ठेवा. चामडे ओल धरते. आजोबांकडे तो कसा आला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. ते पात्यावर कोरलेले नसते.