भुरका आणि भला माणूस

वाचकहो, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक उघडला असेल, तर हात थांबवू नका. खात खातच वाचा. चकलीचा कुरकुर आवाज झाला तर होऊ द्या. मला आज जे भांडण काढायचे आहे, ते त्या आवाजाच्या बाजूने आहे.

थोड्या दिवसांपूर्वी धरमपेठेत ताईच्या घरी एक स्थळ मोडले. माझी भाची एका मुलाला भेटायला सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात गेली होती. आधी दोघांनी भेटायचे, जमले तर मग घरच्यांनी, अशी आताची रीत आहे. मुले तिला डेट म्हणतात. आम्ही अजून ‘भेटायला गेली’ असेच म्हणतो. संध्याकाळी ती परत आली, तेव्हा आम्ही सारे तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो.

“कसा आहे मुलगा?” ताईने विचारले.

“चांगला आहे गं. पण चहा बशीत ओतून प्यायला. अन् भुरका असा मारला की बाजूच्या टेबलावरचे लोक पाहून राहिले होते. पोह्यांवर तर्री इतकी घेतली की पोहे अक्षरशः पोहून राहिले होते. उरलेली तर्री त्याने प्लेट उचलून तोंडालाच लावली.”

झाले! घरातल्या पाच माणसांनी पाच मिनिटांत निकाल दिला. ‘घरचे वळण नाही’ असे ताई म्हणाली. ‘उद्या चार लोकांत कसे न्यायचे?’ असे भावजी म्हणाले. मी काही बोललो नाही, पण मान डोलावली. आज हे लिहायला बसलो आहे ते त्या मान डोलावण्याची लाज वाटते म्हणून.

माझे म्हणणे सरळ आहे. पहिल्या भेटीत समोरचा माणूस कसा खातो हे जरूर पाहावे. पण आपण जे पाहतो ते पाहू नये. आपण त्याचा भुरका ऐकतो, बोटे पाहतो, बशी पाहतो. त्या टेबलाशी तो दुसऱ्या माणसाशी कसा वागतो, हे पाहायचे मात्र राहून जाते.

खाण्याच्या ज्या रीतींचा आपण एवढा बडिवार माजवतो, त्यांचे वय तरी किती? काट्याचेच घ्या. थॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज इटलीत फिरून आला आणि 1611 साली त्याने आपल्या प्रवासवर्णनात तिथल्या काट्याची हकिगत लिहिली. घरी आल्यावर तो स्वतः काट्याने जेवू लागला, तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याची थट्टा केली. म्हणजे ज्या काट्यावाचून आज हॉटेलात माणूस गावंढळ ठरतो, तो काटा वापरणाराच तेव्हा विक्षिप्त ठरत होता! तिकडे जपानात शेवयांचा रस्सा आवाज करून ओढला तर कोणी नाक मुरडीत नाही. देशोदेशी रीत बदलते, काळोकाळी बदलते. मग एका बशीवरून माणसाचे मोल कसे ठरावे?

पण आपल्याकडे प्रश्न नुसत्या रीतीचा नाही, आणि ते उघड बोलायची वेळ आली आहे. ‘वळण’ हा शब्द फार भला दिसतो, पण त्याच्या आड जुने पाप दडलेले आहे. पूर्वी पंगतीत पाहुण्याला जात विचारावी लागत नसे. तो आपोशन घेतो का, चित्राहुती घालतो का, एवढे पाहिले की वाढणाऱ्याला उत्तर मिळे. आज चित्राहुती गेली, पण पाहणारे डोळे गेले नाहीत. आडनाव विचारायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून आपण बशी पाहतो. ‘त्यांच्यात असेच खातात’ हे वाक्य कोणत्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, त्या घराने हात वर करावा. माझ्या घराचा हात वर होणार नाही.

आणि हे आपण कोणत्या गावात करतो? ज्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या गावात. त्याआधी 1927 साली त्याच बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. समतानंद अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकरीच्या प्रसादाचे सत्यनारायण घातले, तेही एका पंगतीत बसणे ही साधी गोष्ट नव्हती म्हणूनच. कोण कोणाबरोबर जेवतो आणि कोणाच्या खाण्याला हसतो, हा या महाराष्ट्रात कधीच किरकोळ प्रश्न नव्हता.

आमच्या विदर्भाचे गाडगेबाबा आठवा. हाती खराटा आणि एक फुटके गाडगे. त्या गाडग्यातच ते मिळेल ती भाकर घेऊन खात. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. पण त्यांच्यासारखा कोणी उद्या आपल्या मुलीला भेटायला आला, तर पदवी देणारे विद्यापीठ राहू द्या, आपण त्याला दुसरा कप चहा तरी देऊ का?

कोणी म्हणेल, पूर्वीचे कांदेपोहे बरे होते. सारे घरात, मोठ्यांसमोर होई. बरे कोणाला होते? मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन यायची, खाली मान घालून बसायची, आणि पोहे खायचे ते पाहुण्यांनी. सगळ्या खोलीत न खाणारी ती एकटी. त्या मानाने हॉटेलातली भेट शतपटीने बरी, कारण तिथे तिच्याही पुढे बशी येते. मात्र बशी आली तरी मोकळीक आली असे नाही. ‘पहिल्याच भेटीत फार खाऊ नकोस’, ‘हाताने खाऊ नकोस’, ‘रश्श्याचे काही मागवू नकोस’, असा उपदेश मुलीला निघतानाच मिळतो. मुलगा घरी जाऊन ‘मुलगी खादाड आहे’ असे सांगू शकतो ही भीती असते. मग दोघेही कोरडे सँडविच कुरतडत, उपाशी पोटी, एकमेकांना खोटे चेहरे दाखवून परत येतात. लग्न करायचे ते त्या चेहऱ्यांशी का?

मी तर म्हणतो, पहिली भेट सावजी भोजनालयात व्हावी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून निघालेला तो काळ्या मसाल्याचा रस्सा आजवर कोणी ऐटीत खाल्लेला नाही. दुसऱ्या घासाला नाक वाहते, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी येते, आणि नळी चोखायची तर दोन्ही हात लागतात. मटण चालत नसेल तर पाटोडीचा रस्सा आहे. तोही तेवढाच समतावादी आहे. तिथे कोण समोरच्याकडे पाण्याचा पेला सरकवतो आणि कोण आपलेच कपाळ पुसत बसतो, हे अर्ध्या तासात कळते.

तर मग ताळतंत्र नकोच का? हवे ना! तोंड उघडे ठेवून घास चघळणारा, चोखलेली हाडे शेजाऱ्याच्या ताटाजवळ ठेवणारा, न विचारता दुसऱ्याच्या बशीत हात घालणारा मलाही सोसत नाही. पण त्याचे कारण वेगळे आहे. त्यात शेजारच्या माणसाची पर्वा नसते. भुरक्याने कोणाचे काय जाते? फार तर थोडे हसू येते, आणि ज्याच्या सवयीला आपण मोकळेपणी हसू शकतो त्याच्याशी संसार सोपा जातो.

आता माझेच सांगतो. 1976 साली मी महालातल्या एका वाड्यात मुलगी पाहायला गेलो. पोहे मी चमच्याने, आवाज न करता खाल्ले, बशीत दाणाही ठेवला नाही. ‘मुलगा फार नीट जेवतो’ अशी माझी कीर्ती झाली आणि लग्न ठरले. तेव्हापासून मी तसाच नीट जेवत आलो. पुढे वीसेक वर्षांनी एका रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर पत्नी ओट्याशी उभी राहून भाजीच्या पातेल्यात पोळी पुसून खात होती. भाजी संपली होती. त्या रात्री ती दोनदा मला वाढायला आली होती आणि मी दोन्ही वेळा निमूटपणे घेतली होती. ‘तू जेवलीस का?’ हे तीन शब्द वीस वर्षांत माझ्या नीट तोंडातून निघाले नव्हते. नीट जेवणारा माणूस कसा असतो, हे मी आतून पाहिलेले आहे.

म्हणून दोन दिवसांनी मी भाचीला पुन्हा गाठले आणि विचारले, “त्या मुलाचे आणखी काही सांग.”

ती थोडे आठवून म्हणाली, “पाणी देणाऱ्या पोराच्या हातून पेला त्याच्या बाहीवर सांडला, मामा. मालक ओरडला त्या पोराला. तर हा म्हणाला, ‘होते बापा’, अन् टेबल स्वतःच पुसून टाकलं. मला तर्री तिखट लागली, तर न विचारता दही मागवलं. अन् माझ्या नोकरीचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलला नाही.”

“मग हे आधी का नाही सांगितलेस?”

“कोणी विचारलंच कुठे?”

ती त्याला पुन्हा भेटणार आहे की नाही, हे मी तिला विचारलेले नाही. तो तिचा प्रश्न. ताईला मात्र मी सांगून आलो आहे, की यापुढे या घरात बशीवरून निकाल लागणार असेल तर पंचांत मला धरू नका.

आणि वाचकहो, अजूनही आवाजाचे वावडे वाटत असेल, तर ताटातली ती चकली उचला आणि आवाज न करता खाऊन दाखवा. जमले नाही, तर ताट जिने भरून दिले ती स्वयंपाकघरात काय करते आहे, तिने काही खाल्ले आहे का, एवढे उठून विचारून या. लेख कुठे पळून जात नाही.