नागपुरात राहून गेलेला पाद्री आणि नॅशव्हिलचं आंदोलन: जेम्स लॉसन यांनी नेमकं काय केलं?

2025 च्या जून आणि ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेत ट्रम्प सरकारच्या विरोधात 'नो किंग्ज' या नावाने लाखो लोक रस्त्यावर उतरले. समोरून कुणी डिवचलं तरी हात उचलायचा नाही, असं आयोजकांनी आधीच बजावलं होतं. पण एवढ्या मोठ्या गर्दीला शांत ठेवणं नुसत्या आवाहनाने जमतं का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जेम्स लॉसन हे नाव हमखास समोर येतं. ते चर्चचे 'मिनिस्टर' होते. इथे मिनिस्टर म्हणजे मंत्री नाही, तर पाद्री.

या पाद्र्याचा एक धागा थेट नागपूरला जोडलेला आहे.

लॉसन नागपूरला कसे पोहोचले?

लॉसन यांचा जन्म 1928 चा. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करी भरतीला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी वर्षभराहून जास्त काळ तुरुंगवास भोगला. सुटकेनंतर 1953 मध्ये मेथडिस्ट चर्चच्या वतीने ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये आले. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. गांधीजींना जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. लॉसन इथे विद्यार्थ्यांना खेळाचं प्रशिक्षण द्यायचे आणि सोबत सत्याग्रहाचा अभ्यास करायचे.

डिसेंबर 1955 मध्ये माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. ही बातमी लॉसन यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. 1956 मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्या वर्षी त्यांची मार्टिन ल्युथर किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण पूर्ण होण्याची वाट पाहू नका, आत्ताच दक्षिणेत या, असा आग्रह किंग यांनी धरला. लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात गेले.

नॅशव्हिलमध्ये प्रश्न काय होता?

शहरातल्या मोठ्या दुकानांमध्ये कृष्णवर्णीयांचे पैसे चालायचे. कपडे घ्या, भांडी घ्या, कुणाची हरकत नव्हती. पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून खायला त्यांना बंदी होती.

चर्चच्या तळघरात लॉसन यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यात भाषणांपेक्षा सराव जास्त असायचा. काही विद्यार्थी काउंटरवर बसल्याचं नाटक करायचे. बाकीचे त्यांना शिव्या द्यायचे, ढकलायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे. बसलेल्यांनी उलट वार करायचा नाही. मार पडला तर डोकं कसं वाचवायचं, शेजारच्या साथीदाराला आडोसा कसा द्यायचा, हेही शिकवलं जायचं. डायन नॅश आणि पुढे खासदार झालेले जॉन लुईस याच तालमीत तयार झाले.

नोव्हेंबर-डिसेंबर 1959 मध्ये या गटाने दोन दुकानांत जाऊन चाचपणी केली. 1 फेब्रुवारी 1960 ला ग्रीन्सबरो शहरात चार विद्यार्थी लंच काउंटरवर ठाण मांडून बसले आणि देशभर चर्चा सुरू झाली. नॅशव्हिलची तयारी झालेलीच होती. 13 फेब्रुवारीला तिथे शंभरावर विद्यार्थी काउंटरवर जाऊन बसले.

किंमत कुणी मोजली?

27 फेब्रुवारीला जमावाने विद्यार्थ्यांना मारहाण केली. पोलिसांनी अटक केली ती मात्र मार खाणाऱ्यांनाच, 80 च्या आसपास विद्यार्थ्यांना. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. त्यानंतर त्यांनाही अटक झाली.

दरम्यान कृष्णवर्णीय ग्राहकांनी शहराच्या मध्यवर्ती भागातल्या दुकानांकडे पाठ फिरवली. ऐन ईस्टरच्या खरेदीच्या हंगामात दुकानदारांच्या गल्ल्याला फटका बसला. 19 एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. त्याच दिवशी हजारो लोक शांतपणे महापालिकेवर चालून गेले. वंशावरून भेदभाव करणं योग्य आहे का, असं डायन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सर्वांसमोर विचारलं. वेस्ट यांनी ते चूक असल्याचं मान्य केलं. 10 मे 1960 ला सहा दुकानांचे लंच काउंटर सर्वांसाठी खुले झाले.

मग श्रेय लॉसन यांचंच का?

पूर्णपणे नाही. स्थानिक पाद्री केली मिलर स्मिथ यांनी आंदोलनाला आपलं चर्च आणि शहरातली संघटना दिली. बहिष्कार सामान्य कुटुंबांनी पाळला. महापौरांना प्रश्न विचारला तो एका विद्यार्थिनीने. लॉसन यांनी आंदोलनाला पद्धत दिली आणि ती इतक्या जणांना शिकवली, की ते स्वतः अटकेत असतानाही काम थांबलं नाही. 1961 मध्ये बसमधल्या भेदभावाविरुद्धच्या 'फ्रीडम राइड्स' हिंसाचारामुळे थांबायची वेळ आली, तेव्हा त्या पुढे नेल्या नॅशव्हिलच्याच विद्यार्थ्यांनी.

या यशाला मर्यादाही होत्या. शहरातली अनेक हॉटेलं आणि रेस्टॉरंट बंदच राहिली. त्यासाठी पुढची काही वर्षं आंदोलनं करावी लागली आणि अखेर 1964 चा नागरी हक्क कायदा यावा लागला. अहिंसेमुळे प्रत्येक वेळी माणसं वाचतात असंही नाही. 1968 मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला लॉसन यांनीच किंग यांना बोलावलं होतं. 4 एप्रिलला तिथेच किंग यांची हत्या झाली.

आज हे महत्त्वाचं का?

एक पोस्ट व्हायरल झाली की आज काही तासांत गर्दी जमते. पण पहिली काठी पडल्यावर ती गर्दी काय करेल, हे पोस्टवरून ठरत नाही. आंदोलकांपैकी एकाने दगड मारला तरी बातमी त्या दगडाची होते आणि मूळ मागणी मागे पडते. नॅशव्हिलमध्ये कॅमेऱ्यांना दिसलं ते शांत बसून मार खाणारे विद्यार्थी. त्यामागे कित्येक महिन्यांचा सराव होता.

लॉसन यांचं जून 2024 मध्ये वयाच्या 95 व्या वर्षी निधन झालं. ज्या व्हँडरबिल्टने त्यांना काढून टाकलं होतं, त्याच विद्यापीठात आता त्यांच्या नावाने अहिंसक आंदोलनांचा अभ्यास करणारी संस्था चालते.