लख्ख फिल्टर, मेलेले मासे

मंडळी, "फिल्टर कसा लख्ख हवा" असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यांचं ऐकून नातवाचे तीन गोल्डफिश मीच घालवले. कॅनिस्टर फिल्टरचा डबा उघडला, स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा नळाखाली खसाखसा घासल्या. चौथ्या दिवशी मासे उलटे!

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो त्यांना विषच. रिंगांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. आपण ज्याला घाण म्हणतो, ती त्यांचीच वस्ती. पिशोर असो की शहर, नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीन घालतात ते जंतू मारायलाच. ते चांगले-वाईट निवडत बसत नाही.

म्हणून सांगतो, धार मंदावली की आधी प्लग काढा. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज पिळा, रिंगा नुसत्या हलवून घ्या. साबण नको. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी नकोत. नळ्या खुशाल घासा.

नातवाने विचारलं, "आजोबा, स्वच्छ केलं तर मेले कसे?" आयुष्यभर पोरांना स्वच्छता शिकवली, पण हा धडा राहूनच गेला होता. असो.