कांदा तामसी आणि रताळं पवित्र? ही वाटणी कुणी केली?



दर ३० सप्टेंबरला मी किल्लारीला जातो. १९९३ च्या त्या पहाटे मी तीन वर्षांचा होतो. आठवत काहीच नाही, जे आहे ते आईच्या तोंडून ऐकलेलं. मधल्या एका वर्षी ही तारीख नवरात्रात आली. संध्याकाळी एका तरुण कार्यकर्त्याने आग्रहाने घरी जेवायला नेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ताटात ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास. पहिल्या घासालाच कळलं, यात कांदाही नाही, लसूणही नाही. त्याची आई ओशाळून म्हणाली, "पाचवी माळ हाय बाबा. नऊ दिवस कांदा-लसूण शिजत नाही घरात." ती स्वतः सकाळी वाटीभर साबुदाणा खाऊन सोयाबीन काढायला गेली होती आणि दिवस मावळता परतली होती.

पोरगा मात्र ओशाळला नव्हता. म्हणाला, "दादा, आई लई कडक धरते. आणि आपण तर बौद्ध, आपण सात्त्विकच असलं पाहिजे. कांदा-लसूण तामसी असतो."

कुणाच्या घरी जेवताना वाद घालू नये म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. भावा, राग मानू नकोस.

आधी तुझ्या आईच्या वाटीतला साबुदाणा बघू. तो कसाव्याच्या मुळांपासून बनतो आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. रताळं अमेरिकेचं. बटाटा पेरू देशाच्या डोंगरांतला, त्याचं मराठी नावसुद्धा पोर्तुगीजांनी आणलेलं. (निजामाच्या मुलखातले आपण त्याला आलू म्हणतो, ते वेगळं.) शेंगदाणा तिकडचा, मिरचीही तिकडची. १४९२ ला कोलंबस निघाला नसता तर उपवासाच्या ताटात भगर तेवढी उरली असती. कांदा-लसूण मात्र या देशात फार जुने, चरकसंहितेत त्यांचे गुण लिहून ठेवलेत. म्हणजे परवा आलेला पाहुणा देवघरात आणि घरचा माणूस उंबऱ्याबाहेर. ही रीत तुला कुठं पाहिल्यासारखी वाटत नाही?

जीवहिंसा म्हणशील तर जैनांकडे बघ. ते जमिनीखालचं कांदा-लसूणही खात नाहीत आणि बटाटा-रताळंही खात नाहीत. पटो न पटो, त्यात एक सुसंगती आहे. आपल्याकडच्या उपवासात तीही नाही. एकाच रानात, एकाच शेणखतावर वाढलेलं एक चालतं आणि दुसरं बाटवतं.

मग हा नियम आला कुठून? मनुस्मृतीचा पाचवा अध्याय उघड. पाचव्या श्लोकात लसूण, गृंजन, कांदा आणि अळिंबी द्विजांना अभक्ष्य ठरवलीत. गृंजन म्हणजे कुणी गाजर म्हणतं, कुणी लसणाचीच एक जात म्हणतं. एकोणिसाव्या श्लोकात सांगितलंय की हे जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो, आणि त्या यादीत कांद्याच्या पंगतीला गावडुक्कर आणि गावकोंबडा बसवलाय. शब्द नीट वाच: द्विज. तुझ्या-माझ्या पणजोबांनी कांदा खाल्ला काय आणि नाही खाल्ला काय, मनूला त्याची फिकीर नव्हती. शूद्रांसाठी त्याने दहाव्या अध्यायात उष्टं अन्न राखून ठेवलंय आणि चांडाळांसाठी फुटकी भांडी. तो ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. आपण दर डिसेंबरात तो दिवस साजरा करतो आणि दर नवरात्रात त्याच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे फोडणी घालतो!

बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते तेव्हा, १९१६ साली, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वरच्यांचं पाहून खालच्यांनी तसंच करायचं, या अनुकरणातून जात कशी पसरली ते त्यांनी त्यात मांडलं. श्रीनिवासांचा 'संस्कृतीकरण' हा शब्द त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. तुझ्या घरातल्या बिनकांद्याच्या वांग्याला मी हेच म्हणतो.

आता बुद्धाचा आधार. तू तो दिला नाहीस, पण देणारे आहेत, म्हणून सांगून ठेवतो. विनयपिटकात भिक्षुणींना लसूण खायला मनाई आहे, हे खरं. पण का, ते वाच. एका उपासकाने भिक्षुणीसंघाला लसूण देऊ केला. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी शेतावर गेली आणि मर्यादा न पाळता ढीगभर लसूण घेऊन आली. लोक कुरकुरले, मग नियम झाला. म्हणजे तो नियम हावरेपणावर आहे. भिक्षूंनाही लसूण मना होता, पण सारिपुत्तांच्या पोटात वायू धरला आणि त्यांना पूर्वी लसणाने गुण आला होता हे कळल्यावर आजाऱ्याला तो मोकळा झाला. यात पवित्र-अपवित्र कुठं आहे? आणि हे नियम भिक्षुसंघाचे. शेतात राबणाऱ्या उपासिकेवर ते कुणी घातले?

कुणी असंही म्हणेल की महाडला बाबासाहेबांनीच खाणं बदलायला सांगितलं. सांगितलं. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टे तुकडे मागू नका, असं सांगितलं. त्या घासाला लाचारी चिकटलेली होती. स्वतःच्या मजुरीच्या पैशाने आठवडी बाजारातून आणलेल्या कांद्याला कसली लाचारी चिकटलीय?

माझं मत विचारशील तर जमिनीखालच्या सगळ्यांत कांदा पहिला. अख्खा, सालासकट चुलीत टाकायचा. वरच्या दोन साली कोळसा झाल्या की काढायचा आणि खोबऱ्याच्या तुकड्यासंगं पाट्यावर वाटायचा. येसर घातलेल्या कालवणाला त्याशिवाय काळा रंग चढत नाही. घाई असेल तर बुक्कीने फोड, वर मीठ टाक आणि भाकरीसंगं खा. सुरीने चिरलेल्याला ती चव नसते, का ते विचारू नका. मुळा किसून ज्वारीच्या पिठात धपाटे, पाल्याची डाळ घालून भाजी. आलू एकटा मला मिळमिळीत लागतो, त्याची जागा मटणाच्या रश्श्यात. अर्धा किलोत आठ माणसं भागवायची म्हणून तो आमच्या पातेल्यात आला, आणि शेवटी आम्ही पोरं मटण सोडून आलूवर भांडायचो. रताळ्याशी माझं वैर नाही. उलट भाकऱ्या होईस्तोवर चुलीच्या फुफाट्यात पुरून ठेवलेल्या रताळ्यासारखं दुसरं काही नाही. त्याला एकादशीच्या तावडीतून सोडवून कुठल्याही बुधवारी खावं, एवढंच. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते मांडलं. वाचलं नसशील तर वाच.

आई सांगते, भूकंपानंतर पहिले काही दिवस उघड्यावर मोठ्या पातेल्यात जेवण शिजायचं. दगड-मातीची माळवदं बसली होती, कुणाची वेगळी चूल उरली नव्हती. कांदा चिरायला बसलेल्या बायांत तीही असायची, कुणी काही विचारलं नाही. पुढे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. एक दिवस एक बाई तिला म्हणाली, "तू लाकडाचं बघ, कांदा आम्ही चिरतो." आई हे दोन्ही दिवस सारख्याच आवाजात सांगते.

आता तुझ्या आईचं. नवरात्र आणि सोयाबीनची काढणी साधारण एकाच वेळी येते. गुत्तं घेतलेलं असतं, वाकून दिवसभर विळा चालवायचा आणि पोटात साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचा नऊ दिवसांचा खर्च मांड आणि ज्वारी, डाळ, कांद्याचा मांड. कोणता जास्त येतो ते तूच बघ. तिला चक्कर येते, हे तूच मला गाडीवर सोडताना सांगितलंस. आणि त्या नऊ दिवसांत तू दोन्ही वेळा भाकरी खात होतास. उपास तिचा, अभिमान तुझा.

तिच्याशी भांडायला जाऊ नकोस. तिची श्रद्धा तिची आहे, आणि तिनं ती ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याशी आपलं भांडण आहे. पण तू तिला 'तामसी' हा शब्द पुरवू नकोस. काढणीच्या दिवसांत सकाळी तिच्याआधी उठ आणि डाळ शिजव.

पुढच्या ३० सप्टेंबरला मी येणारच आहे. कांदा मी चिरतो, तोवर तू भाकरी थापायला शिकून ठेव.

जयभीम.