सातबारा कळतो, मग पॉलिसी का नाही?

भोर-वेल्ह्याकडचं कोणी पुण्यात ॲडमिट झालं, की विम्याची फाईल हमखास माझ्याकडे येते. सोबत ठरलेलं वाक्य, "तूच बघ बाबा, आपल्याला नाय कळत यातलं."

मला हे पटत नाही. फेरफार, खातेफोड, पोटखराबा हे शब्द काय सोपे आहेत? नीरा-देवघर आणि गुंजवणीच्या धरणांपायी निवाडा, लाभक्षेत्र, पुनर्वसन हेही आपली माणसं शिकलीच ना! जमिनीचा प्रश्न आला की आपण कागद वाचतो. मंडळी, मोठ्या आजारपणातही शेवटी जमीनच विकायला निघते.

आता 'कॅशलेस' घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, खिशात हात घालायला नको. अर्थ एवढाच, की मंजूर झालेली रक्कम कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते. नामंजूर झालेली आपणच भरायची. 'को-पे' १० टक्के, म्हणजे मंजूर बिलातल्या दर शंभर रुपयांतले दहा आपले. 'वेटिंग पीरियड' म्हणजे आधीपासूनच्या दुखण्याला विमा लागू व्हायची मुदत. २०२४ च्या नियमांनुसार ती जास्तीत जास्त तीन वर्षं.

सगळ्यात महागात पडतं ते 'रूम रेंट लिमिट'. मर्यादा ४,००० ची आणि खोली ८,००० ची घेतली, तर वरचे ४,००० भरून सुटका होतेच असं नाही. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचेही निम्मेच पैसे मिळतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना मात्र ही कात्री लावता येत नाही. तिथे कापलं असेल तर खुशाल भांडा. आणि प्रेमापोटी "चांगली खोली द्या" म्हणण्याआधी पॉलिसी उघडा.

पॉलिसी नसेल तर? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या उपचारांना आणि 'अंगीकृत' हॉस्पिटलातच. हा शब्द तर मराठीच, तरी कितीजणांना कळेल? अंगीकृत म्हणजे योजनेत सामील असलेलं. तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड घेऊन आधी त्याला गाठायचं.

माझं म्हणणं असं, की दोष आपल्या अडाणीपणाचा नाही. सही घेणाऱ्याने अर्थ सांगायला हवा, आणि आपण तो मागायला हवा. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्यासोबत सोप्या शब्दांतलं माहितीपत्रक द्यावं लागतं, मागितलं तर स्थानिक भाषेतही. ते मराठीतच मागा. एजंट आपला पाव्हणा असला तरी मागा, लाजू नका. वाचून पॉलिसी पटली नाही, तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

तलाठ्यासमोर बसून "भाऊसाहेब, हे काय लिवलंय?" असं विचारणारी आपण माणसं. हॉस्पिटलच्या काउंटरवरच गप्प का व्हायचं?